काजूचा तुकडा, अंगठ्याची खळी आणि चॉकलेट

कुडाळच्या बाजारपेठेत काजूगराच्या दुकानात ज्या पिशव्या ओळीने मांडलेल्या असतात त्यांच्यात एक कडक श्रेणीव्यवस्था नांदत असते, आणि ती ज्याला वाचता येते त्याला दुकानदाराकडे भावाची चौकशी करण्याचे फारसे कारण उरत नाही. अग्रस्थानी अखंड, हस्तिदंती वर्णाचा गर. त्याच्या मागे मधोमध दुभंगलेली पाकळी. तिच्या मागे तुकडा. आणि सर्वांच्या शेवटी, बहुधा वजनकाट्याच्या आडोशाला, कणी. अखंड गराला व्यापाराच्या दफ्तरात ‘डब्ल्यू २४०’, ‘डब्ल्यू ३२०’ अशी पदे बहाल झालेली असून त्यांचा अर्थ इतकाच की एका पौंडात फार तर तितके गर बसतात. म्हणजे आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि मानही मोठा. पण दुकानदार जेव्हा ओळखीच्या गिऱ्हाइकाला “वैनी, पाकळी व्हयी काय तुकडो?” असे विचारतो, तेव्हा अखंड गराचा तो उच्चारही करीत नाही, कारण तो माल मुंबईच्या पाहुण्यांसाठी आणि दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी राखलेला आहे हे उभयतांना ठाऊक असते. प्रस्तुत लेखात ज्या पदार्थाची कृती आणि तिच्यामागील कारणमीमांसा सांगावयाची आहे, त्याच्या दरबारात मात्र हा क्रम उलटा आहे: तेथे अखंड गर निरुपयोगी, पाकळी कामचलाऊ आणि सन्मानाचे आसन तुकड्याला.

हा पदार्थ म्हणजे लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटाचा एक प्रकार होय. मैदा, लोणी आणि पिठीसाखर यांच्या मऊ गोळ्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करावयाच्या, त्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात बुडवून काजूच्या बारीक तुकड्यांत घोळवावयाच्या, मधोमध अंगठ्याने खळी पाडून भाजावयाच्या आणि निवाल्यावर त्या खळीत दाट चॉकलेट भरावयाचे, इतकाच त्याचा व्याप. स्वीडनमध्ये अशा बिस्किटाच्या खळीत रास्पबेरीचा मुरंबा भरतात; कॉफीबरोबर पाहुण्यापुढे सात तऱ्हांची बिस्किटे मांडण्याचा जो तेथील जुना शिरस्ता आहे, त्या सातांत याचीही गणना होते. जर्मन भाषकांच्या घरी ती नाताळच्या सुमारास होतात, आणि अमेरिकेत ती अक्रोडाच्या किंवा पेकानच्या चुऱ्यात घोळवून मुरंब्याऐवजी चॉकलेटने भरण्याची रीत रुजली. अक्रोडाच्या जागी काजू आणून बसवला की कुडाळचे बिस्किट सिद्ध झाले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु प्रकरण इतके सरळ नाही. उत्तरेकडच्या स्वयंपाकघरात लोणी आपोआप घट्ट राहते आणि भाजलेले बिस्किट आठवडाभर कुरकुरीत राहते, ते तेथील थंड आणि कोरड्या हवेच्या कृपेने. आमच्याकडे वैशाखात पारा ३३-३४ अंशांना टेकलेला असतो आणि आषाढात मिठाच्या बरणीतही पाणी सुटते. तेव्हा परदेशी कृतीला येथे अंमलात येण्यापूर्वी हवामानाची मंजुरी घ्यावी लागते, आणि ती कोणकोणत्या कलमांत घ्यावी लागते हेच मुख्यतः येथे सांगावयाचे आहे.

बिस्किट ही वस्तू मराठी घरात निमूटपणे आली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली गेली, गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची यादी वृत्तपत्रात प्रसिद्ध करविली, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर ग्रामण्य येऊन प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत आणि अखेर प्रायश्चित्तापर्यंत गेले, हा इतिहास सर्वविश्रुत आहे. कोकणच्या दक्षिण टोकाला या बाबतीत पुण्याइतका गदारोळ करण्यास वावच नव्हता, कारण शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज अंमलाबरोबर पाव आणि भट्टी ही दोन्ही आली होती, यीस्टच्या अभावी माडाच्या सुरेने पीठ आंबवण्याची युक्ती तेथील पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, साधली होती, आणि त्या भट्टीची ऊब सीमेच्या अलीकडे पोहोचण्यास कोणत्याही फर्मानाची आवश्यकता नव्हती. नानकटाई सुरतेकडून आली. डच वखारीच्या भट्ट्या पारशी बेकरांच्या हाती आल्यावर तेथे ती घडली असे सांगतात. आज कुडाळातील कोणत्याही बेकरीत खारी, बटर आणि टोस्ट यांच्या शेजारी ती हटकून दिसते. आपले प्रस्तुत बिस्किट हे नानकटाईचे नात्याने जवळचे. भेद एवढाच की नानकटाई भट्टीत फुगून माथ्यावर तडकावी अशी अपेक्षा असते, तर याने खाली दबून खळी सांभाळावी आणि तडकू नये अशी.

आणि वरून-खालून उष्णता देऊन भाजण्याची क्रिया तरी आमच्या घरात कोठे परकी आहे? मोठ्या तवशाचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस करताना जाड बुडाचे भांडे मंद निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरावयाचे, ही वहिवाट सिंधुदुर्गातील प्रत्येक वृद्ध गृहिणीला ठाऊक आहे. विजेवर चालणाऱ्या पेटीत वर एक आणि खाली एक अशा दोन तापत्या सळ्या असतात, त्या याच तत्त्वाच्या. फरक नियंत्रणाचा आहे: पेटीत अंश ठरवता येतात, निखाऱ्यांत फक्त अंदाज, मात्र तो अंदाज ज्यांच्या हातात मुरलेला आहे, त्यांना पेटीचे काटे शिकवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

आता काजू. हे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर आणले आणि जांभ्या दगडाच्या ज्या कातळी उतारांवर दुसरे काही धड उगवत नाही तेथे ते इतके रमले की आज त्याला परके म्हणणे हाच उद्धटपणा ठरेल. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र, जे आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे, तेथे निवड आणि संकर यांच्या योगे वेंगुर्ला-१ पासून पुढच्या जाती निघाल्या. त्यांपैकी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या दोन जातींची कलमे कुडाळ तालुक्यात हिंडताना बांधाबांधावर दिसतात. फाल्गुन-चैत्रात बोंडू पिकून गळतो, त्याच्या तळाशी लोंबणारी बी पिळून वेगळी करतात, उन्हात वाळवतात, आणि तेथून तिची कारखान्याची वाट सुरू होते.

ती वाट थोडी तपशिलाने पाहणे अवश्य आहे, कारण बिस्किटावर काजू कसा वागतो याचे उत्तर तिच्यात दडलेले आहे. बीच्या टरफलात एक दाहक तेल असते, जे कातडीला लागले तर फोड येतात. म्हणून बी प्रथम वाफेवर उकडून टरफल ठिसूळ करतात आणि मग हातापायांनी चालवावयाच्या यंत्रावर स्त्रिया एकेक बी फोडून गर वेगळा काढतात. टरफलातून सुटलेला गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या बंद कोठडीत, मंद आचेवर काही तास सुकवतात, तेव्हा त्यावरची तांबूस साल सैल होऊन नखाने निघते. आता लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की या सगळ्या प्रवासात गर उकडला गेला, सुकला, पण भाजला गेला नाही. बाजारातला पांढरा काजूगर हा स्वादाच्या दृष्टीने अद्याप कोराच असतो. त्यात सुमारे ४५ टक्के स्निग्धांश, १८ टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि साधारण ३० टक्के कर्बोदके असतात, आणि कर्बोदकांतील पिष्टाचा वाटा बदाम किंवा अक्रोड यांच्याहून अधिक असतो. काजू दुधात वाटला तर रस दाट होतो तो याच पिष्टामुळे. असा गर १४० अंशांच्या वरच्या कोरड्या उष्णतेत आला म्हणजे त्यातील शर्करा आणि प्रथिनांची घटकद्रव्ये यांचा संयोग होऊन तपकिरी वर्ण आणि भाजलेला सुगंध उत्पन्न होतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावे ओळखली जाते.

येथे बिस्किटाच्या रचनेतील खुबी ध्यानात येते. काजू पिठात मिसळला असता तर तो ओलसर गोळ्याच्या पोटात नुसता वाफवला गेला असता. तो बाहेरच्या अंगाला असल्यामुळे त्याला पेटीतील कोरडी हवा सरळ लागते, आणि बिस्किट शिजण्यास जो अवधी लागतो तेवढ्याच अवधीत काजू भाजून होतो. म्हणूनच काजू आधी भाजून घेऊ नये. अक्रोडासाठी लिहिलेल्या कृतींत पुष्कळदा तशी सूचना असते, ती येथे खुशाल दुर्लक्षावी. आधीच भाजलेला काजू दुसऱ्या भाजणीत करपतो.

ओल्या काजूगरांचा मोहही आवरावा लागतो. माघ-फाल्गुनात उसळीसाठी जे कोवळे गर बाजारात येतात, ते कितीही लोभस असले तरी त्यांच्यातील पाणी बिस्किटाचा सत्यानाश करते; ते भाजले जात नाहीत, आणि ज्या पिठाला चिकटतात तेही कच्चे ठेवतात. त्यांची जागा उसळीत, आणि ती जागा इतकी श्रेष्ठ आहे की दुसरी शोधण्याचे प्रयोजन नाही. याउलट चुलीत किंवा पालापाचोळ्याच्या जाळात टरफलासकट भाजलेला गावठी काजू, ज्याच्या टरफलातले तेल पेटून फसफसते आणि ज्याच्या गरावर जागोजागी काळे डाग पडतात, तो आधी न भाजण्याच्या नियमाला अपवाद समजावा, आणि कोणाच्या घरी उरलाच तर खुशाल कुटून निम्म्या प्रमाणात मिसळावा. त्याचा धुरकट स्वाद कडवट चॉकलेटशी असा काही जुळतो की कारखान्यातील शुभ्र गराने खाली पाहावे. प्रतवारीच्या कोणत्याही पत्रकात या काजूला जागा नाही.

तुकडाच का, हे आता थोडक्यात. अखंड गराचे चाकूने काप केले तर ते वक्र आणि गुळगुळीत पडतात, गोळीच्या अंगाला टेकत नाहीत आणि भाजल्यावर झडतात. कणी इतकी बारीक की पांढऱ्या बलकात भिजून तिचा लगदा होतो. तुरीच्या डाळीहून लहान आणि तांदळाच्या कणीहून मोठा असा तुकडा हवा, आणि तोही एकदा चाळणीने चाळून पीठ झाडून घेतलेला. बाजारातला तुकडा याहून मोठा असतो. तो पाटावर पसरून वरून लाटणे दोनतीनदा फिरवले की काम होते. मिक्सरच्या भांड्यात घालू नये, कारण पात्यांच्या वेगाने काजूला तेल सुटते.

पिठाच्या गोळ्यासाठी जिन्नस असे: मैदा १२० ग्रॅम, तांदळाची पिठी ३० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक, आणि लोणी बिनमिठाचे असल्यास चिमूटभर मीठ. वेष्टनासाठी त्याच अंड्याचा पांढरा बलक आणि ९० ग्रॅम काजू. यातून १५ ग्रॅमच्या गोळीचा हिशेब धरता एकवीसेक बिस्किटे होतात. वाटीच्या मापाने हे करू नये, अशी माझी ताकीद आहे: एकाच वाटीत मैदा दाबून भरला की सैल, एवढ्यानेच इतका फरक पडतो की एका घरी बिस्किटे दगड होतात आणि दुसऱ्या घरी पसरतात, आणि दोन्ही घरी दोष कृतीला दिला जातो.

तांदळाची पिठी यात कशासाठी, असा प्रश्न येईल. गव्हाच्या पिठातील प्रथिनांना पाणी मिळून मळणे घडले की ग्लूटेनचे लवचीक जाळे तयार होते, जे पोळीला तारते आणि खुसखुशीत बिस्किटाला मारते. लोणी मैद्याच्या कणांना वेढून पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून हा गोळा मळावयाचा नसतो, केवळ एकत्र आणावयाचा असतो. आणि तांदळात ते जाळे मुळातच होत नसल्यामुळे पाचवा हिस्सा पिठी घातली की खुसखुशीतपणाची हमी वाढते. स्कॉटलंडचे लोक आपल्या लोण्याच्या बिस्किटात तांदळाची पिठी मुद्दाम घालतात. कुडाळ तालुक्यात तर ती प्रत्येक घरच्या डब्यात असते. पिठीऐवजी नाचणीचे पीठ घेतल्यास स्वाद अधिक गंभीर होतो, फक्त रंग आधीच काळसर असल्यामुळे भाजणीचा अंदाज वर्णावरून न करता घड्याळावरून करावा लागतो.

लोण्याच्या बाबतीत तीन पक्ष संभवतात. बाजारातील पिवळ्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्नेह आणि बाकीचे बहुतांश पाणी व मीठ असते; ते या कामास सर्वांत भरवशाचे. घरी घुसळलेल्या पांढऱ्या लोण्यात ताक अधिक राहते, म्हणून ते थंड पाण्यात दोनदा धुऊन, दाबून पाणी काढल्यावाचून घेऊ नये. एरवी गोळा चिकट होतो आणि बिस्किट मऊ पडते. साजूक तुपात पाणी जवळपास नसतेच, म्हणून ते घेतल्यास ८० ग्रॅम पुरे. त्याने बिस्किट अप्रतिम रवाळ होते, पण ती नानकटाईची प्रकृती, आणि अंगठा दाबताच कडा फाटण्याची खोड तिच्याबरोबर येते. लोणी आणि साखर एकजीव होईपर्यंत घोटावे, फेसाळेपर्यंत नव्हे. अधिक हवा शिरली तर बिस्किट फुगते आणि खळी बुजते. मग बलक, मग मैदा आणि पिठी, आणि हाताने जेमतेम गोळा.

हवामानाच्या मंजुरीचे पहिले मोठे कलम येथे लागू होते. परदेशी कृतीत गोळा आधी शीतकपाटात ठेवून घट्ट करावा, नंतर गोळ्या कराव्या आणि नंतर खळी पाडावी, असा क्रम असतो. त्यांच्याकडे बाहेरची हवा थंड असल्यामुळे गोळी घडवताना ती फार मऊही होत नाही आणि फार टणकही राहत नाही. कुडाळात शीतकपाटातून काढलेली गोळी आतून दगड आणि बाहेरून, दमट हवेतील पाणी अंगावर साचून, ओलसर असते. तिच्यावर अंगठा दाबला की कडेने भेगा पडतात आणि काजू निसटतो. म्हणून आपण क्रम बदलावा: गोळा मऊ असतानाच गोळ्या कराव्या, पांढऱ्या बलकात बुडवून काजूत घोळवाव्या, अंगठ्याने खळी पाडावी, आणि मग तयार बिस्किटे ताटासकट अर्धा तास शीतकपाटात ठेवून थेट तापलेल्या पेटीत सरकवावी. उन्हाळ्यात यात जराही सवलत नाही. ताट बाहेर पाच मिनिटे विसरले तरी लोणी पाझरू लागते.

पांढरा बलक हा येथे निव्वळ गोंद आहे. त्यात सुमारे ९० टक्के पाणी आणि उरलेली बहुतांश प्रथिने. उष्णता लागताच प्रथिने गोठतात आणि काजू बिस्किटाला कायमचा बांधला जातो. बलक काट्याने किंचित सैल करावा, फेटू नये, आणि गोळी त्यात बुडवून निथळल्याशिवाय काजूत टाकू नये. ज्या घरी अंडे चालत नाही तेथे पिवळ्या बलकाऐवजी एक मोठा चमचा साय आणि पांढऱ्याऐवजी आटवलेले दूध घ्यावे. पकड थोडी कमी बसते, म्हणून काजूत घोळवल्यावर गोळी तळहातांत एकदा दाबून फिरवावी. बाकी काही बदलत नाही. पंचहौदच्या काळात या परिच्छेदाला धर्मशास्त्राचे अभिप्राय जोडावे लागले असते.

अंगठ्याच्या खळीविषयी दोन शब्द. मामलेदार कचेरीत किंवा दुय्यम निबंधकासमोर अंगठा उठवताना जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेही लागते: एकदाच, सरळ, न घसरता. अंगठा तिरपा टेकला तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि चॉकलेट तेथून वाहते. खळी तळापासून अर्धा सेंटिमीटर पीठ राहील इतपतच खोल असावी. कडेला बारीक भेग पडलीच तर ती ओल्या बोटाने तेथेच मिटवावी. आणि एवढे करूनही भाजताना खळी निम्मी भरून येतेच, कारण लोणी वितळण्याचे तापमान पिष्ट आणि प्रथिने घट्ट होण्याच्या तापमानाहून फार खाली आहे. मधल्या काही मिनिटांत पिठाला आकार सांभाळण्यासाठी काहीच आधार नसतो आणि ते खळीत ओघळते. यावर उपाय एकच. पेटीत नववे-दहावे मिनिट लागले की ताट बाहेर काढून लाटण्याच्या निमुळत्या टोकाने प्रत्येक खळी पुन्हा दाबावी आणि ताट तत्काळ परत ठेवावे.

भाजणी १७० अंशांवर, एकूण १४ ते १६ मिनिटे. काजू सोनेरी झाला आणि तळ फिक्या तांबूस वर्णावर आला की झाले. काढल्यावर बिस्किट मऊ लागते म्हणून घाबरून पुन्हा आत ढकलू नये, कारण लोणी निवून घट्ट होईपर्यंत त्याला कणा नसतो.

पावसाळ्यात कुडाळात वीज जाते, आणि बहुधा ताट पेटीत शिरल्यावरच जाते. अशा वेळी, किंवा जेथे पेटीच नाही तेथे, कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी वाळूचा थर व वर जाळी ठेवून, रिकामा कुकर १० मिनिटे तापवून त्यात २० ते २५ मिनिटे बिस्किटे भाजण्याची युक्ती पुष्कळजण वापरतात. तीत वरून आच नसल्यामुळे तळ करपतो आणि माथ्याचा काजू फिकटच राहतो. ज्या बिस्किटाचे सगळे वैभव माथ्याच्या काजूत आहे त्याला ही युक्ती न्याय देत नाही. त्यापेक्षा धोंडसाचे जाड भांडे काढावे. तळाशी जाळी, खाली मंद आणि झाकणावर त्याहून किंचित अधिक निखारे. आणि ते निखारे नारळाच्या करवंटीचे असावे, सोडणांचे नव्हेत, कारण सोडण भडकून विझते तर करवंटीची आच बराच वेळ एकसारखी टिकते. एका खेपेस सातआठच बिस्किटे होतात, पण काजूला जो रंग येतो तो विजेच्या पेटीने हेवा करावा असा.

चॉकलेट खळीत घालूनच का भाजू नये? घातले तर त्यातील दूध आणि साखर यांचे कण करपून ते रवाळ, कोरडे होते. म्हणून बिस्किट पूर्ण निवाल्यावरच ते भरावयाचे. आणि येथे हवामानाचे दुसरे, अधिक बिकट कलम उपस्थित होते. चांगल्या चॉकलेटचा प्राण म्हणजे कोकोचे लोणी. त्याची थोरवी अशी की ते हवेत घट्ट राहते आणि सुमारे ३४ अंशांना, म्हणजे तोंडाच्या उष्णतेच्या किंचित अलीकडे, झपाट्याने वितळते. चॉकलेट जिभेवर विरघळण्याचे जे सुख आहे ते सर्वस्वी या योगायोगावर उभे आहे. पण कुडाळची वैशाखातली दुपारही नेमकी त्याच अंशावर उभी असते. त्यामुळे व्यापाऱ्यांनी कोकोचे लोणी काढून त्या जागी पामच्या गराचे कठीण केलेले तेल घातलेल्या वड्या बाजारात आणल्या, ज्यांना कंपाउंड चॉकलेट म्हणतात. त्या उन्हात टिकतात हे खरे. तोंडातही टिकतात, आणि टाळूला मेणासारख्या लिंपून बसतात. वेष्टनावरील घटकांच्या यादीत कोकोचे लोणी दिसत नसेल तर ती वडी परत ठेवावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

मग उष्णतेचा बंदोबस्त कसा करावा? कोकणी हात अशा वेळी सवयीने खोबरेल तेलाकडे वळतो, आणि नेमके तेच चूक आहे. खोबरेल २४ अंशांच्या सुमारास पातळ होते, आणि त्याच्या स्नेहाची घडण कोकोच्या लोण्याहून इतकी निराळी की दोन्ही एकत्र आली म्हणजे मिश्रण दोहोंच्या अपेक्षेहून अधिक मऊ होते. उपाय आहे तो आमच्याच परसात, रातांब्याच्या झाडावर. रातांब्याच्या साली मीठ-रसाची पुटे देऊन वाळवल्या की कोकम होते. मागे उरतात त्या बिया. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या म्हणजे स्नेह वर तरंगतो, रात्रीत थिजतो, आणि सकाळी तो गोळा करून मुठीत दाबून त्याचे फिकट, गुळगुळीत गोळे वळतात. कोकमतेल किंवा मुठेल या नावाने ते घरोघर असते आणि बहुधा थंडीत फुटलेल्या टाचांच्या सेवेत खर्ची पडते. पण याच स्नेहात स्टिअरिक आम्ल साठेक टक्के असून त्याच्या रेणूची बांधणी, दोन टोकांना घट्ट स्नेहाम्ले आणि मध्ये ओलेइक, कोकोच्या लोण्याशी जुळती आहे. ते ३८ ते ४० अंशांपर्यंत घट्ट राहते, आणि कोकोच्या लोण्यात मिसळले तर भांडण न करता त्याला अधिक टणक करते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश जारी केला, त्यात कोकोच्या लोण्याखेरीज ज्या ६ वनस्पतिजन्य स्नेहांना ५ टक्क्यांच्या मर्यादेत मुभा दिली, त्यांत कोकमाचा नामनिर्देश आहे, आणि त्याच यादीत आंब्याच्या कोयीतील स्नेहही आहे. म्हणजे सहांपैकी दोन मानकरी सिंधुदुर्गाच्या परसातले, आणि येथे एक टाचेला लावतात व दुसरा उकिरड्यावर टाकतात.

तेव्हा भरण असे करावे: कडवट चॉकलेट १०० ग्रॅम बारीक चिरून त्यात ४ ग्रॅम खाण्याजोगे, ताजे, खवट वास न येणारे कोकमतेल घालावे, २५ टक्के स्नेहाची साय ४० ग्रॅम घेऊन वाफ येईपर्यंत तापवावी, चॉकलेटवर ओतावी, दोन मिनिटे हात लावू नये, आणि मग मध्यापासून बाहेर अशा लहान वर्तुळांनी ढवळावे. स्नेहाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखरून राहिल्याने हे मिश्रण चकचकीत होते. घाईने ढवळले किंवा साय उकळली तर ते फुटून तेल वर येते. तसे झाल्यास कोमट दुधाचा एक चमचा घालून पुन्हा ढवळले की बहुधा सावरते. थंड देशांत साय आणि चॉकलेट समभाग घेतात. त्या प्रमाणाने कुडाळात खळीत डबके होईल. बिस्किटे कॉफी किंवा चहाबरोबर द्यावयाची असल्याने चॉकलेट कडवटच हवे. काजू स्वतःच गोडसर आहे, पिठात साखर आहे, आणि तिसऱ्या गोडाला तेथे काम नाही.

या भरणात पाणी आहे, आणि बिस्किटात ते नाही. म्हणून खळी भरल्या क्षणापासून ओलावा चॉकलेटकडून पिठाकडे सरकू लागतो. पहिल्या दिवशी बिस्किट कुरकुरीत, दुसऱ्या दिवशी मऊसर, तिसऱ्या दिवशी पेढ्याच्या वळणावर. काहींना दुसऱ्या दिवसाचे आवडते, मला पहिल्याचे. न भरलेली बिस्किटे मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरवडाभर राहतात, फक्त पावसाळ्यात साखर हवेतील पाणी ओढून घेते म्हणून भरण्यापूर्वी बिस्किटे १५० अंशांवर पाच मिनिटे पुन्हा तापवून निववावी. मुंबईच्या माणसांना रात्रीच्या गाडीने पाठवावयाची तर भरून पाठवू नयेत, कारण साय घातलेले चॉकलेट डब्यातल्या उकाड्यात रात्र काढू शकत नाही. डब्यात बिस्किटे, तळाशी आणि वर वर्तमानपत्राच्या घड्या, शेजारी चॉकलेटची वडी आणि चिठ्ठीत कोकमतेलाचा छोटा गोळा बांधून द्यावा. सायीची तजवीज दादरला पोहोचल्यावर ज्याने त्याने करावी.